६१ चं गणित: ब्रह्मगुप्तांपासून लाग्रांजपर्यंत

बाळीवेसकर (धागाकर्ता)

सोलापूरच्या माणसाला ६८ हा आकडा समजावून सांगावा लागत नाही. सिद्धरामेश्वरांनी गावाभोवती स्थापन केलेली ६८ लिंगं, संक्रांतीला त्यांच्यापुढून जाणारे नंदीध्वज, यण्णीमज्जन... म्हणून धाग्याची सुरुवात ६८ पासूनच करतो.

४ चा वर्ग १६. त्याला ६८ ने गुणा, १०८८ येतात. त्यात १ मिळवा, १०८९. आणि १०८९ हा बरोबर ३३ चा वर्ग.

प्रश्न असा, की कोणतीही पूर्ण संख्या दिली तर असं जमतं का? एक वर्ग घ्यायचा, दिलेल्या संख्येने गुणायचा, १ मिळवायचा, आणि पुन्हा पूर्ण वर्ग मिळाला पाहिजे. अपूर्णांक चालणार नाहीत. दिलेली संख्या स्वतः वर्ग असेल (४, ९, १६) तर शून्याखेरीज उत्तर नाही, कारण ज्यांच्यात फक्त १ चा फरक आहे असे वर्ग ० आणि १ एवढेच. बाकी संख्यांचं काय?

आपल्या जुन्या ग्रंथांत या गणिताला वर्गप्रकृती म्हणतात. दिलेली संख्या ती प्रकृती, धाकटं उत्तर कनिष्ठ, थोरलं ज्येष्ठ आणि मिळवायचा आकडा तो क्षेप. म्हणजे प्रकृती ६८, कनिष्ठ ४, ज्येष्ठ ३३, क्षेप १. पुढे हेच चार शब्द वापरतो, उगाच अक्षरांची गर्दी नको.

या प्रश्नात माणूस का अडकतो ते बघा. प्रकृती ६० असेल तर कनिष्ठ ४, ज्येष्ठ ३१. प्रकृती ६२ असेल तर कनिष्ठ ८, ज्येष्ठ ६३. दोन्ही उत्तरं शाळेतलं पोरगं पाच मिनिटांत शोधून काढेल. आता मधली ६१ घ्या. तिचं सर्वांत लहान उत्तर:

कनिष्ठ २२,६१,५३,९८०
ज्येष्ठ १,७६,६३,१९,०४९

म्हणजे १ पासून एकेक आकडा तपासत निघालात तर २२ कोटी ६१ लाख ५३ हजार ९७९ पर्यंत हाती काहीच लागत नाही आणि पुढच्या आकड्याला उत्तर येतं. ६० ला आणि ६२ ला एक-दोन आकडी उत्तर, मध्येच हा डोंगर. हे उत्तर भास्कराचार्यांनी ११५० च्या सुमारास ‘बीजगणित’ या आपल्या ग्रंथात दिलं आहे. सिद्धरामेश्वर आणि भास्कराचार्य एकाच शतकातले, हे मला फार आवडतं. ५०० वर्षांनी, १६५७ मध्ये, फ्रान्सच्या तुलूझमधल्या पिएर द फर्मा या कायदेपंडिताने नेमकी हीच ६१ काढून समकालीन गणितींपुढे ठेवली.

ब्रह्मगुप्त (६२८), जयदेव, भास्कराचार्य (११५०), मग युरोपातले गणिती फर्मा, वॉलिस, ब्राउंकर, ऑयलर आणि शेवटी लाग्रांज (१७६८), अशी ही लांबलचक वाट आहे. त्यात आपल्या लोकांनी नेमकं काय केलं आणि काय राहिलं, हे आकडे मांडून बोलावं म्हणून हा धागा काढला. नुसतं ‘आपल्याकडे सगळं होतं’ म्हणून सोडून दिलं तर ब्रह्मगुप्तांच्या बुद्धीचं खरं मोल कळतच नाही.

कुणाला करून बघायचं असेल तर प्रकृती ६७ घ्या. भास्कराचार्यांचंच उदाहरण आहे. कॅल्क्युलेटरशिवाय होतं.

---

टेरीटॉवेल_अशोकचौक

सर, ६८ चं मी करून बघितलो. १, २, ३, ४ असं तपासत गेलो, चौथ्याला आलं. पण ६१ ला असं बसलो तर कारखाना बंद करून बसावं लागेल की ओ. तपासत न बसता ३३ थेट काढायची युक्ती आहे का? आणि एक मनापासून विचारतो, त्या काळात याचा उपयोग काय होता?

---

बाळीवेसकर

अण्णा, दोन्ही प्रश्न मुद्द्याचे आहेत. युक्ती आहे आणि ती ब्रह्मगुप्तांची आहे. ६२८ सालच्या ब्राह्मस्फुटसिद्धान्तात कुट्टकाच्या अध्यायात येते. नाव भावना.

समजा एकाच प्रकृतीसाठी आपल्याकडे दोन ओळी आहेत. क्षेप १ नसला तरी चालेल, काहीही असो. या दोन ओळींपासून तिसरी तयार होते ती अशी. कनिष्ठ-ज्येष्ठांचा तिरपा गुणाकार करून बेरीज घ्या (यालाच वज्राभ्यास म्हणतात), तो नवा कनिष्ठ. ज्येष्ठांचा गुणाकार अधिक प्रकृती गुणिले कनिष्ठांचा गुणाकार, तो नवा ज्येष्ठ. नवा क्षेप म्हणजे दोन्ही क्षेपांचा गुणाकार.

आता ६८ वर लावू. ६८ × १ मधून ४ वजा केले की ६४, म्हणजे ८ चा वर्ग. कनिष्ठ १, ज्येष्ठ ८, क्षेप उणे ४. कनिष्ठ आणि ज्येष्ठ निम्मे केले की क्षेप चौथाई होतो: कनिष्ठ १/२, ज्येष्ठ ४, क्षेप उणे १. या ओळीची स्वतःशीच भावना करा. नवा कनिष्ठ २ × १/२ × ४ = ४. नवा ज्येष्ठ १६ + १७ = ३३. क्षेप उणे १ गुणिले उणे १, म्हणजे १. झालं, तपासत बसणं नाही.

ब्रह्मगुप्तांचं स्वतःचं उदाहरण ९२ चं. ९२ × १ + ८ = १००, म्हणजे कनिष्ठ १, ज्येष्ठ १०, क्षेप ८. स्वतःशी भावना केली की कनिष्ठ २०, ज्येष्ठ १९२, क्षेप ६४. आठाने भागलं की कनिष्ठ ५/२, ज्येष्ठ २४, क्षेप १. अपूर्णांक राहिला, म्हणून पुन्हा एकदा भावना: कनिष्ठ १२०, ज्येष्ठ ११५१. पडताळा घ्या, ११५१ चा वर्ग १३,२४,८०१ आणि ९२ × १४,४०० = १३,२४,८००. हे वर्षभरात सोडवील तो गणक, असं त्यांनी लिहून ठेवलं आहे.

या नियमाचं खरं वजन वेगळंच आहे. दोन उत्तरं ‘गुणून’ तिसरं उत्तर मिळतं, ही कल्पना सातव्या शतकातली आहे. त्यामुळे एक उत्तर सापडलं की अनंत सापडतात. ३३ आणि ४ ची स्वतःशी भावना करा: कनिष्ठ २६४, ज्येष्ठ २१७७. क्षेप पुन्हा १.

यातच उपयोगाचंही उत्तर आहे. ३३ भागिले ४ म्हणजे ८.२५. ६८ चं वर्गमूळ ८.२४६२११३. पुढची जोडी घेतली तर २१७७ भागिले २६४ म्हणजे ८.२४६२१२१. एका भावनेत सहा दशांश स्थळांच्या जवळ. ज्या काळात दशांश अपूर्णांक लिहायची पद्धत नव्हती, त्या काळात वर्गमूळ इतक्या जवळ नेणारा अपूर्णांक ही मोठीच सोय. पण माझं मत विचाराल तर ब्रह्मगुप्तांनी हे सोयीसाठी केलेलं नाही. वर्षभराची अट घालणारा माणूस प्रश्नाच्या प्रेमात पडलेला असतो.

---

होटगीरोड

सर, मी इंजिनिअरिंगला आहे. भावना कळली, मस्त आहे. पण ६८ ला सुरुवातीलाच क्षेप उणे ४ मिळाला म्हणून जमलं. ६१ ला ६१ + ३ = ६४, क्षेप ३. त्याची भावना करत राहिलो तर क्षेप ९, ८१ असा वाढतच चाललाय. इथे काय करायचं?

---

बाळीवेसकर

शाब्बास. ब्रह्मगुप्त इथेच थांबतात. क्षेप १, २ किंवा ४ (अधिक वा उणा) मिळाला तर पुढची वाट त्यांनी बांधून दिली आहे, पण तिथपर्यंत हमखास न्यायचं कसं ते नाही. ती पायरी म्हणजे चक्रवाल. भास्कराचार्यांच्या बीजगणितात ती पूर्ण येते, पण त्यांच्याआधी जयदेव नावाच्या गणितीने ती दिलेली होती. उदयदिवाकरांच्या १०७३ च्या टीकाग्रंथात जयदेवांचे श्लोक उद्धृत केलेले आहेत आणि १९५४ मध्ये कृपाशंकर शुक्ल यांनी ते प्रसिद्ध केले. म्हणजे चक्रवाल किमान अकराव्या शतकातलं तर नक्की.

आता ६१ सोडवू. वही घेऊनच बसा.

पहिली ओळ: कनिष्ठ १, ज्येष्ठ ८, क्षेप ३.

एक गुणक निवडायचा. त्याला दोन अटी. (कनिष्ठ × गुणक + ज्येष्ठ) ला क्षेपाने नि:शेष भाग गेला पाहिजे, आणि अशा गुणकांपैकी ज्याचा वर्ग प्रकृतीच्या सर्वांत जवळ तो घ्यायचा. गुणक + ८ ला ३ ने भाग जायला हवा, म्हणून १, ४, ७, १० वगैरे चालतात. ७ चा वर्ग ४९ हा ६१ च्या सर्वांत जवळ. गुणक ७.

नवा कनिष्ठ: (१ × ७ + ८) भागिले ३ = ५
नवा क्षेप: (४९ − ६१) भागिले ३ = उणे ४
नवा ज्येष्ठ: (८ × ७ + ६१ × १) भागिले ३ = ३९

पडताळा: ६१ × २५ = १५२५, वजा ४ म्हणजे १५२१, आणि ३९ चा वर्ग १५२१. क्षेप उणे ४ मिळाला! आता ब्रह्मगुप्तांचा रस्ता मोकळा.

निम्मं केलं: कनिष्ठ ५/२, ज्येष्ठ ३९/२, क्षेप उणे १.
स्वतःशी भावना: कनिष्ठ १९५/२, ज्येष्ठ १५२३/२, क्षेप १.
या दोन ओळींची एकमेकींशी भावना: कनिष्ठ ३८०५, ज्येष्ठ २९७१८, क्षेप उणे १. अपूर्णांक गेले.
आता या ओळीची स्वतःशी भावना: कनिष्ठ २ × ३८०५ × २९७१८ = २२,६१,५३,९८०. ज्येष्ठ ८८,३१,५९,५२४ + ८८,३१,५९,५२५ = १,७६,६३,१९,०४९.

चक्रवालाची एक पायरी आणि तीन भावना. दहा आकडी उत्तर एका पानात. जर्मन इतिहासकार हर्मान हँकेलच्या ग्रंथात (१८७४) चक्रवालाचा गौरव आहे, की लाग्रांजच्या आधी संख्यासिद्धांतात याहून सुंदर काही झालं नाही. हे पान स्वतः लिहून काढलं की हँकेल असं का म्हणाला ते पटतं.

---

विजापूरवेस

वाचून ऊर भरून आला. पण मग सरळ का म्हणत नाही? भास्कराचार्यांनी ६१ सोडवलं, ५०० वर्षांनी फर्माही ६१ च विचारतो. लाखो आकडे आहेत, नेमका हाच कसा? आपल्याकडून गेलं असणार. आणि भास्कराचार्य तर विजापूरचे, इथून १०० किलोमीटरवरचे. आपल्याच पट्ट्यातला माणूस.

---

माहेर_सोलापूर

दादा, ६१ बद्दल मी बोलते. पुण्यात अकरावी-बारावीला गणित शिकवते आणि हा तक्ता दरवर्षी मुलांकडून करून घेते.

२, ३, ५, ६, ७ असं करत प्रत्येक प्रकृतीचं सर्वांत लहान उत्तर लिहीत चला. बहुतेक उत्तरं किरकोळ निघतात. मध्येच एखादी प्रकृती आधीच्या सगळ्यांना मागे टाकते. २९ चा ज्येष्ठ ९८०१. ४६ चा २४,३३५. ५३ चा ६६,२४९. आणि मग ६१, एकदम दहा आकडी! ६१ च्या खाली ६६,२४९ पेक्षा मोठं काही नाही. जो कोणी हा तक्ता हाताने करील, मग तो उज्जैनचा असो नाहीतर तुलूझचा, तो ६१ पाशी थबकणारच.

याला बळकटी देणारी आणखी एक गोष्ट आहे. फर्माने फ्रेनिक्ल या फ्रेंच गणितीला ६१ बरोबर १०९ ही संख्याही दिली होती. फार त्रास होऊ नये म्हणून लहानच आकडे देतो, असं वर म्हटलं होतं. ६१ नंतरचा विक्रम मोडणारी प्रकृती बरोबर १०९ आहे. तिचा ज्येष्ठ पंधरा आकडी: १५,८०,७०,६७,१९,८६,२४९. म्हणजे फर्माने तक्ता स्वतः केला होता आणि त्यातले सर्वांत अवघड दोन नग हेरून दिले होते. मला हा त्याच्या मेहनतीचा पुरावा वाटतो. ११५० मध्ये भास्कराचार्यांनीही ६१ निवडली, म्हणजे त्यांच्याही हाताखाली असाच तक्ता होता असं मला वाटतं, आणि त्याचा अभिमान जास्त खरा आहे.

---

शिलालेखवाचक

दोन गोष्टींची भर घालतो.

गाव. भास्कराचार्य स्वतःचं गाव विज्जडविड सांगतात आणि ते सह्य पर्वताच्या आश्रयाला असल्याचं म्हणतात. विजापूर सपाटीवर आहे, सह्याद्री तिथून लांब. शिवाय चाळीसगावजवळच्या पाटण इथे डॉ. भाऊ दाजी लाड यांनी उजेडात आणलेला शिलालेख आहे, शके ११२८ चा. त्यात भास्कराचार्यांचं कूळ दिलं आहे आणि त्यांचा नातू चांगदेव, जो यादव राजा सिंघणाचा ज्योतिषी होता, त्याने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढल्याची नोंद आहे. गणित शिकवायला दान दिल्याचा दगडावरचा पुरावा आपल्या महाराष्ट्रात उभा आहे. खानदेशची वारी केलीत तर जरूर बघा. देऊळही सुंदर आहे.

ग्रंथांचा प्रवास. भास्कराचार्यांच्याच लीलावती या ग्रंथाचा फार्सी अनुवाद फैजीने १५८७ मध्ये अकबराच्या दरबारात केला. बीजगणिताचा फार्सी अनुवाद अताउल्ला रुश्दीने शाहजहानच्या काळात, १६३४ च्या सुमारास. युरोपात बीजगणित पोचलं ते एडवर्ड स्ट्रेचीच्या १८१३ च्या इंग्रजी अनुवादाने (तोही फार्सीवरून) आणि संस्कृतवरून केलेल्या कोलब्रुकच्या १८१७ च्या अनुवादाने. फर्मा १६६५ मध्ये वारला. १६५७ च्या आधी हे गणित युरोपात पोचल्याचा एकही कागद मिळालेला नाही. उद्या मिळाला तर पुन्हा बोलू. आज कागद नाही तर दावाही करू नये.

---

विजापूरवेस

ठीक. कागदाशिवाय दावा नको, मान्य. पण मग पुस्तकांत या वर्गप्रकृतीलाच ‘पेलचं समीकरण’ म्हणतात, ते कुठून आलं? या सगळ्या गोष्टीत पेल कुठेच दिसला नाही.

---

बाळीवेसकर

पेल कुठेच नाही हे बरोबर आहे. तो भाग सांगतो.

फेब्रुवारी १६५७ मध्ये फर्माने इंग्लंडच्या गणितींना आव्हान दिलं. जॉन वॉलिस आणि लॉर्ड ब्राउंकर यांनी ते घेतलं आणि आधी अपूर्णांकांतली उत्तरं पाठवली. अपूर्णांक चालत असतील तर हे गणित फारच सोपं आहे. ६१ साठी कनिष्ठ १६/३, ज्येष्ठ १२५/३, चुटकीसरशी. ही अपूर्णांकांची रीतही आपल्याकडे श्रीपतींनी अकराव्या शतकात दिलेली आहे. फर्माने खडसावून सांगितलं, की पूर्णांकच हवेत. मग ब्राउंकरने खरी रीत काढली. फ्रेनिक्लने स्वतः १५० पर्यंतची सगळी उत्तरं काढून वॉलिसला ३१३ करून दाखवायला सांगितलं, तेव्हा ब्राउंकरने तास-दोन तासांत उत्तर पाठवलं: ३१३ प्रकृतीला कनिष्ठ ७१,७०,६८५, ज्येष्ठ १२,६८,६२,३६८, क्षेप उणे १. यावर एक भावना केली की क्षेप १. हा पत्रव्यवहार वॉलिसने १६५८ मध्ये छापला.

पुढे ऑयलरने वॉलिसच्या लिखाणातली ब्राउंकरची रीत जॉन पेल या दुसऱ्याच इंग्रज गणितीच्या नावावर घातली. ऑयलर इतका मोठा, की त्याने लिहिलेलं नावच चिकटलं.

या इतिहासाचा मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा भाग मात्र नावाचा नाही. १६५९ मध्ये फर्माने डच शास्त्रज्ञ हायगेन्ससाठी लिहून पाठवलं, की या लोकांनी सुटी सुटी उत्तरं काढली, पण प्रत्येक प्रकृतीला उत्तर असतंच हे सिद्ध केलं नाही, आणि ते माझ्याकडे आहे. स्वतःची सिद्धता त्याने कधी छापली नाही. ऑयलरने रीत वापरली, आवरली, पण सिद्धता त्यालाही साधली नाही. ती बर्लिनमध्ये बसून लाग्रांजने १७६८ च्या सुमारास पूर्ण केली. वर्गमूळ सतत अपूर्णांकात (छेदात पुन्हा अपूर्णांक, त्याच्या छेदात पुन्हा, अशा साखळीत) मांडलं की त्यातले आकडे ठरावीक टप्प्याने पुन्हा पुन्हा येतात, हे त्याने दाखवलं. ६१ च्या वर्गमूळात हा टप्पा ११ आकड्यांचा आहे, ६० आणि ६२ मध्ये फक्त चारचा. ६१ चा डोंगर का, याचं हे उत्तर. टप्पा लांब आणि विषम. म्हणून आधी क्षेप उणे १ येतो (२९७१८ ची ओळ) आणि क्षेप १ साठी दुप्पट चालावं लागतं.

म्हणून माझं म्हणणं असं. उत्तर काढायची रीत पहिल्यांदा भारतात पूर्ण झाली, युरोपच्या किमान ५०० वर्षं आधी, आणि ती ब्राउंकरच्या रीतीहून कमी पायऱ्यांची आहे. प्रत्येक प्रकृतीला ती रीत यश देतेच, याची सिद्धता मात्र भास्कराचार्यांच्या ग्रंथात नाही. दोन्ही वाक्यं एका दमात म्हणता आली पाहिजेत.

---

विजापूरवेस

पहिलं वाक्य पटलं. दुसऱ्यावर अडलोय. रीत दरवेळी चालते ना? भास्कराचार्यांना ६१ ला, ६७ ला चालली. शेकडो वर्षं लोकांनी वापरली. मग सिद्धता नाही म्हणून काय अडलं? आपल्या गवंड्याने बांधलेली कमान ८०० वर्षं उभी आहे, त्याने कुठे कागदावर सिद्ध केलं होतं?

---

माहेर_सोलापूर

अडतं ते असं. ६१ लाच बघा. एखाद्याने रीत न वापरता तपासत जाऊन २० कोटींपर्यंत मजल मारली आणि जाहीर केलं, की ६१ ला उत्तर नाही. २० कोटी वेळा तपासलंय, अजून काय पुरावा हवा? आणि तो साफ चुकलेला असेल. अंकांच्या बाबतीत ‘आजवर झालं म्हणून पुढेही होईल’ हे चालत नाही. हे ६१ नेच शिकवलं.

दुसरं उदाहरण. आर्किमिडीजच्या नावावर असलेलं गुरांचं कोडं. १७७३ मध्ये लेसिंग या जर्मन लेखकाला वुल्फेनब्युटेलच्या ग्रंथालयात ही ग्रीक कविता सापडली. सूर्यदेवाच्या चार रंगांच्या बैलांची आणि गायींची संख्या काढायची. सगळ्या अटी लावल्या की शेवटी ४७,२९,४९४ प्रकृतीची वर्गप्रकृती उरते. १८८० मध्ये आम्थोरने दाखवलं, की एकूण गुरांचा आकडा २,०६,५४५ अंकी आहे. पूर्ण आकडा पहिल्यांदा १९६५ मध्ये कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठात संगणकावर निघाला. आता मला सांगा, उत्तर आहेच हे लाग्रांजने आधी सिद्ध केलेलं नसतं, तर दोन लाख अंकांच्या मागे कोण आणि कशाच्या भरवशावर गेलं असतं?

आणि चक्रवालाची सिद्धताही आपल्याच माणसाने दिली. म्हैसूरचे प्राध्यापक ए. ए. कृष्णस्वामी अय्यंगार यांनी १९२९-३० मध्ये इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या नियतकालिकात दाखवलं, की चक्रवाल कुठल्याही प्रकृतीला क्षेप १ पर्यंत पोचतंच. कवी ए. के. रामानुजन हे त्यांचे चिरंजीव. त्यांनी कन्नड शरणांची वचनं इंग्रजीत नेली आणि आपले सिद्धरामेश्वर स्वतः वचनकार. वडील बाराव्या शतकातलं गणित घेऊन बसले, मुलगा बाराव्या शतकातल्या वचनांत रमला. सोलापूरकरांनी हे लक्षात ठेवावं असं मला फार वाटतं.

---

शिलालेखवाचक

ताई, अय्यंगारांचा हा धागा माहीत नव्हता. मनापासून आभार.

---

होटगीरोड

कॉलेजच्या लॅबमध्ये चक्रवालाचा प्रोग्रॅम लिहिला. तीस ओळीसुद्धा लागल्या नाहीत. १०९ चं उत्तर एंटर दाबताच आलं, ताईंनी दिलेलंच.

थोडं वाचलं, ते इथे मांडतो. प्रकृती खूप मोठी, शेकडो अंकी असेल तर मात्र आजच्या नेहमीच्या संगणकावर हे गणित झटपट सोडवायची रीत कुणाकडेच नाही. २००२ मध्ये शॉन हॉलग्रेनने क्वांटम संगणकासाठी जलद रीत दाखवली.

क्षेप उणे १ ची गोष्ट तर अजून ताजी आहे. क्षेप १ ला प्रत्येक प्रकृतीचं उत्तर आहे, पण उणे १ ला काहींनाच आहे. ४ ने भागून ३ उरणाऱ्या मूळ संख्येने (३, ७, ११...) भाग जात असेल तर उणे १ कधीच मिळत नाही. पण तसा भाग जात नसला तरी मिळेलच असं नाही. ३४ म्हणजे २ × १७. दोन्ही निर्दोष, तरी ३४ ला उणे १ मिळत नाही. अशा निर्दोष प्रकृतींपैकी किती जणांना मिळतं, याचा अंदाज १९९३ मध्ये स्टीव्हनहागेनने मांडला होता, सुमारे ५८ टक्के. तो अंदाज कॉयमन्स आणि पागानो यांनी २०२२ मध्ये सिद्ध केला. ब्रह्मगुप्तांनी ज्या ओळी मांडल्या त्यांच्यावर १४०० वर्षांनी पेपर येतोय, हे वाचून रात्री झोप लागली नाही.

---

टेरीटॉवेल_अशोकचौक

सर, ६७ केलो. दुपारी लाइट गेली होती, माग बंद, मग हिशेबाच्या वहीतच बसलो. बघून घ्या.

कनिष्ठ १, ज्येष्ठ ८, क्षेप उणे ३ (६७ वजा ३ म्हणजे ६४).
गुणक ७ घेतलो. कनिष्ठ ५, ज्येष्ठ ४१, क्षेप ६.
गुणक ५. कनिष्ठ ११, ज्येष्ठ ९०, क्षेप उणे ७.
गुणक ९. कनिष्ठ २७, ज्येष्ठ २२१, क्षेप उणे २.
इथे तुमचे ब्रह्मगुप्त आठवले. स्वतःशी भावना केलो, कनिष्ठ ११,९३४, ज्येष्ठ ९७,६८४, क्षेप ४. निम्मं केलो.
कनिष्ठ ५९६७, ज्येष्ठ ४८,८४२, क्षेप १.

दुसऱ्या पायरीला ५ आणि ११ दोन्ही गुणक चालत होते. ५ घेतलो ते बरोबर का?

---

बाळीवेसकर

अण्णा, उत्तर बरोबर, एकही आकडा इकडचा तिकडे नाही. भास्कराचार्यांच्या बीजगणितात हेच आहे, कनिष्ठ ५९६७ आणि ज्येष्ठ ४८,८४२.

गुणक ५ च बरोबर. ५ चा वर्ग २५, ६७ पासून ४२ दूर. ११ चा वर्ग १२१, ६७ पासून ५४ दूर. जवळचा तो घ्यायचा. ११ घेतला असता तर नवा क्षेप ५४ भागिले ६, म्हणजे ९ आला असता, ५ घेतल्यावर तो उणे ७ आला. क्षेप आवाक्यात राहावा म्हणूनच ही जवळिकीची अट आहे, आणि अय्यंगारांच्या सिद्धतेचं काम याच अटीवर चालतं. क्षेप एका मर्यादेबाहेर जात नाही, म्हणून ओळी कधीतरी पुन्हा येणारच, आणि फिरून येताना १ वरून जाणारच.

पुढचं हवं असेल तर १०३ घ्या. तिथे गुणक निवडताना दोनदा विचार करावा लागतो. विजापूरवेस, या वेळी तुम्हीही बसा वही घेऊन.